काकीच्या सोयाबीनसाठी चार ओळी

जानेफळच्या बसस्टँडजवळ आमच्या शेतकरी गटाचं एका खोलीचं ऑफिस आहे. तिथे बसून मी नेमकं काय करते, हे माझ्या माहेरी, जळगाव जामोदला, अजून कुणाला नीट समजावता आलेलं नाही. आई फोनवर विचारते, काय करतेस गं दिवसभर? मी म्हणते, लिहिते. काय लिहितेस? चार ओळी. दिवसभर चार ओळी? हो, दिवसभर चार ओळी, आणि संध्याकाळी त्यातली एक खोडते. मग ती फोन बाबांकडे देते.

पण खरं सांगते, इतकं मजेचं काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही. शाळेत निबंधाला बक्षीस मिळालं होतं, तेव्हाही माझ्या निबंधामुळे काही हललं नव्हतं. इथे मी एक वाक्य बदलते आणि चार किलोमीटरवर ट्रॅक्टर भलत्या वावरात, म्हणजे शेतात, जायचा थांबतो.

गटाकडे मशीनं आहेत. सोयाबीन काढायचे दोन थ्रेशर, एक रोटाव्हेटर, एक पेरणीयंत्र आणि ट्रॅक्टरवरचा फवारा. पूर्वी हे सगळं एका माणसाच्या डोक्यात असायचं. तो म्हणजे आमचा जुना ड्रायव्हर, ज्याला अख्खं गाव भाऊ म्हणतं. कुणाचा नंबर आधी, कुणाचा मागून, कुणाच्या वावरात ट्रॅक्टर फसतो, कुणाकडे चहात साखर जास्त असते, सगळं त्याला पाठ. हंगामात त्याचा फोन अखंड वाजायचा आणि थ्रेशरच्या आवाजात त्याला काही ऐकू यायचं नाही. लोक चिडायचे, भाऊ त्यांच्याहून जास्त चिडायचा.

मग गटाच्या ओळखीतून पुण्याची एक मुलगी मदतीला आली. तिनं आमच्यासाठी एक मदतनीस तयार करून दिला. म्हणजे माणूस नाही, संगणकातला. शेतकऱ्यानं फोनवर आपल्या बोलीत बोलून निरोप पाठवायचा, मदतनीस तो ऐकतो, समजून घेतो आणि काम करतो. कामं आम्ही त्याला मोजकीच दिली होती: मशीन कुठे आहे ते सांगणं, नंबर लावणं, नंबर पुढेमागे करणं, नंबर काढणं, ड्रायव्हरच्या फोनवर चिठ्ठी पाठवणं. अशा प्रत्येक कामाला ती मुलगी टूल म्हणायची. प्रत्येक टूलला एक नाव, आणि नावाखाली ते कशासाठी आहे हे सांगणाऱ्या तीनचार ओळी. मदतनीस त्या ओळी वाचतो आणि कोणतं टूल उचलायचं ते ठरवतो. ओळी कुणी लिहायच्या असा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बी.ए.ला माझा विषय मराठी होता, एवढं कारण त्यांना पुरलं.

मी तर हवेतच गेले. दोन दिवस घासून घासून लिहिलं. "सदर सुविधेद्वारे सभासदांस यंत्रसामग्रीविषयक विचारणा व आरक्षण करता येईल." नंबर लावायच्या टूलखाली हे वाक्य होतं आणि मला ते फार भारदस्त वाटलं होतं. नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, हे तहसीलमधून आलं काय? मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं.

पहिल्याच आठवड्यात फजिती झाली. त्यासाठी आमच्या गावची एक सवय सांगायला हवी. हंगामात आमच्याकडे माणूस माणसाला भेटला की मशीन कुठं आहे हे विचारतोच. जेवलास का विचारावं तसं. त्याला मशीन हवं असतंच असं नाही. हवं असलं तरी तो आज विचारेल, उद्या विचारेल, परवा शेजाऱ्याला विचारायला लावेल आणि मग कुठे नंबर लावेल. तर गावानं मदतनीसालाही तसंच विचारलं: मशीन कुठं हाय, खाली हाय काय. आणि मदतनीसानं विचारणाऱ्या प्रत्येकाचा नंबर लावून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ थ्रेशर घेऊन एका वावरात पोचला, तर तिथे सोयाबीनचं बोटभर झाड नाही. कपाशी उभी. मालकानं मोठ्या प्रेमानं चहा पाजला आणि म्हणाला, मी तं सहज इचारलं होतं. भाऊ तिथून थेट ऑफिसात आला. टोपी काढून टेबलावर ठेवली.

"वहिनी," तो म्हणाला, "कपाशीत थ्रेशर घालू काय?"

मी मदतनीसाला मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या आणि पुण्याला फोन लावला. तुमचं यंत्र बावळट आहे असं काहीसं बोलले असेन. ती मुलगी शांत होती. म्हणाली, ताई, तुम्ही लिहिलेल्या ओळी परत वाचा, आणि जगात आपल्याला फक्त एवढंच माहीत आहे असं समजून वाचा. मी वाचल्या. "विचारणा व आरक्षण." दोन्ही कामं मीच एका टूलमध्ये कोंबली होती. लोकांनी विचारणा केली, मदतनीसानं ते टूल उचललं. त्याचं काही चुकलं नव्हतं. माझ्या भारदस्त वाक्यानं भाऊला कपाशीत पाठवलं होतं.

उपाय मात्र पुण्याहून आला नाही, आमच्या स्वयंपाकघरातून आला. संध्याकाळी चहा ठेवत होते. समोर फळीवर सासूबाईंचे स्टीलचे डबे, सगळे सारखे, एकावरही चिठ्ठी नाही. आणि मला लग्नानंतरची पहिली सकाळ आठवली. सासूबाईंनी मला या फळीसमोर उभं केलं होतं आणि एकेक डबा उघडून सांगितलं होतं. यात हळद, भाजीची, दुधात टाकायची नाही, दुधाची त्या लहान डबीत आहे. हा चमचा लोणच्याचा, कोरडा असला तरच बरणीत घालायचा, ओला दिसला तर पुसत बसू नको, दुसरा घे. या डब्यातलं तिखट पाहुण्यांसाठी नाही, ते घरच्यांनाच सोसतं. आणि शेवटी म्हणाल्या होत्या, "नाई समजलं तं मले इचार. अंदाजानं टाकू नको." तेव्हा मला राग आला होता. मला काय हळद कळत नाही? मी काय परदेशातून आले?

पण त्या फळीसमोर मी नवीनच होते की. जळगावच्या स्वयंपाकघरात मी डोळे मिटून वावरले असते, इथे मला काय माहीत कोणत्या डब्यात काय ते. सासूबाईंनी वस्तू काय आहे ते सांगितलं, कधी वापरायची ते सांगितलं, त्याहून जास्त वेळ ती कधी वापरायची नाही हे सांगितलं, आणि अडलं तर कुणाला विचारायचं तेही. मला इतका आनंद झाला की मी चहा तसाच टाकून फोन आणायला पळाले. दूध उतू गेलं. सासूबाई ओट्यावरचं दूध पुसत म्हणाल्या की लिहायचं काम करणारी सून आपल्याला परवडत नाही.

रात्रीपर्यंत थांबवेना. जेवायच्या आधीच मी नवीन ओळी लिहून टाकल्या. अजून माझ्याकडे आहेत.

"हे टूल मशीनचा नंबर लावतं. नंबर लागला की ड्रायव्हरला लगेच चिठ्ठी जाते आणि मशीन निघतं. शेतकऱ्यानं नंबर लावायला स्वतः सांगितलं असेल तरच वापर. मशीन कुठे आहे किंवा रिकामं आहे का, एवढंच विचारलं असेल तर हे वापरू नको, त्याला वेगळं टूल आहे. आमच्याकडे लोक सहजही विचारतात. कोणतं वावर ते समजलं नसेल तर अंदाज करू नको, विचार."

आमच्याकडे लोक सहजही विचारतात, हे वाक्य पुण्याच्या मुलीला काढून टाकावंसं वाटेल अशी मला भीती होती. ती खूप हसली आणि म्हणाली, हेच सगळ्यात कामाचं आहे. दुसऱ्या दिवशी गावानं पंचवीसतीस वेळा मशीन कुठं हाय म्हणून विचारलं. मदतनीसानं प्रत्येकाला मशीन कुठे आहे ते सांगितलं आणि एकाचाही नंबर लावला नाही. मी ऑफिसात एकटीच टाळ्या वाजवत होते. बाहेरून जाणारा एक माणूस थांबून खिडकीतून पाहून गेला.

त्यानंतर मला नादच लागला. सकाळी एक ओळ बदलायची आणि दिवसभर पाहत राहायचं की मदतनीसाच्या वागण्यात काय फरक पडतो. नवरा वावरातून आवाज बदलून खोटे निरोप पाठवायचा, कधी म्हातारा होऊन, कधी तोतरा होऊन, आणि मदतनीस कुठे घसरतो ते आम्ही पाहायचो. एक शब्द जास्त लिहिला तर तो उगाच घाबरून दहा प्रश्न विचारायचा, एक कमी लिहिला तर बिनधास्त नको ते करायचा. नेमकं माप सापडलं की मला गुदगुल्या व्हायच्या. घरातल्या सगळ्या वस्तूंवर मी मनात ओळी लिहू लागले. नवरा म्हणाला, माझ्यावरपण लिही. मी लगेच सांगितलं: हे टूल बाजारातून सामान आणतं, एका वेळी दोन वस्तू सांगाव्यात, तिसरी सांगितली तर पहिली विसरतं. त्यावर सासूबाई जेवताना ठसका लागेपर्यंत हसल्या.

एवढी हुशारी मिरवत होते. आणि तेव्हाच काकीच्या सोयाबीनचं झालं.

काकी म्हणजे माझ्या चुलत सासूबाई. चार घरं सोडून राहतात. काका गेल्यापासून शेती त्या एकट्या पाहतात, आणि त्यांचं वावर आमच्या वावराला लागून आहे. काकी दरवर्षी आपलं सोयाबीन विकायच्या आधी त्यातलं चांगलं बियाण्यासाठी राखतात. उन्हात वाळवतात, निवडतात, भिंतीपासून हातभर दूर फळ्यांवर रचतात, एकावर एक चारच कट्टे, म्हणजे पोती, पाचवा नाही. त्यांचं बियाणं उगवतं हे आमच्या आळीत सगळ्यांना माहीत. यंदा गटातल्या पंधरा बायकांनी मिळून ठरवलं होतं की पुढच्या पेरणीला दुकानातल्या बॅगा आणायच्या नाहीत, काकीचं बियाणं घ्यायचं. सगळंच्या सगळं. काकीनं लगेच धान्याची खोली दोनदा सारवली आणि नवे कट्टे आणून ठेवले. पंधरा घरांची पेरणी त्यांच्या शब्दावर होणार होती. इतका मान त्यांना कुणी आजवर दिला नव्हता आणि तो त्यांच्या चालण्यातसुद्धा दिसत होता.

आता बियाण्याचं सोयाबीन काढायची पद्धत वेगळी असते. सोयाबीनची साल नाजूक. ट्रॅक्टरची रेस वाढवून थ्रेशर जोरात फिरवला की काम लवकर उरकतं, पण दाण्याला मार बसतो, काहींची डाळ होते. तेलाच्या मिलला त्यानं काही फरक पडत नाही. पेरलं तर मात्र उगवत नाही. म्हणून बियाण्याचं सोयाबीन रेस कमी करून, हळू काढायचं. काकीच्या वावरात शिरलं की भाऊचा हात आपोआप रेस कमी करायचा. त्याला हे कुणी सांगायचं नाही आणि काकीही सांगायच्या नाहीत.

यंदा दुसरा थ्रेशर घेतला म्हणून त्याच्यावर नवा ड्रायव्हर ठेवला होता, मेहकरकडचा. सरळ माणूस, फोनवर येईल त्या चिठ्ठीप्रमाणे काम करणारा. काकीनं मदतनीसाला निरोप पाठवला, नंबर लाव. मदतनीसानं वावर कोणतं ते विचारलं, दिवस विचारला, नंबर लावला, चिठ्ठी पाठवली. सगळं माझ्या ओळींप्रमाणे, कुठेही घसरला नाही. ती चिठ्ठी ऑफिसात माझ्या डोळ्यांसमोरून गेली आणि मला फक्त कौतुक वाटलं.

काकीचा नंबर होता त्या सकाळी भाऊ दुसऱ्या शिवारात होता. मी चहा पीत होते. सासूबाईंनी दारातून विचारलं, "त्या नव्या पोट्ट्याले सांगतलं ना, काकीचं हळू काढायचं हाय म्हून?"

माझ्या हातातली कपबशी तशीच राहिली. कोण सांगणार होतं? चिठ्ठीत नव्हतं. चिठ्ठीत नव्हतं कारण मदतनीसानं विचारलं नव्हतं. विचारलं नव्हतं कारण मी लिहिलं नव्हतं. आणि मी लिहिलं नव्हतं कारण काकीचं सोयाबीन बियाण्याचं असतं हे सगळ्यांना माहीतच आहे. मी स्कूटी काढली आणि पांदणीच्या, म्हणजे शेतरस्त्याच्या, खड्ड्यांतून अशी पळवली की आजही नवरा त्या स्कूटीच्या आवाजाबद्दल मला बोलतो.

काकीच्या वावरात कापून रचलेल्या सोयाबीनच्या दोन गंज्या होत्या. मी पोचले तेव्हा पहिल्या गंजीच्या जागी नुसतं कुटार, भुसा, पडलेलं होतं आणि थ्रेशर बांधाच्या पलीकडेही कानठळ्या बसतील अशा रेसवर फिरत होता. मी हात हलवून बंद करायला लावला. काकी तिथे नव्हत्या, आणि नसणारच. आमच्याकडे ज्याचं सोयाबीन काढायचं त्या घरानं मशीनवाल्यांना जेवू घालायचं असतं. काकी घरी चुलीशी भाकरी थापत होत्या. ज्या एका बाईनं वावरात असायला हवं होतं, ती त्याच ड्रायव्हरसाठी पिठलं ढवळत होती.

पाचच मिनिटांत डोक्यावर टोपलं घेऊन त्या आल्याच. बंद मशीन पाहिलं, माझं तोंड पाहिलं. टोपलं उतरवून कट्ट्यात हात घातला आणि मूठभर दाणे तळहातावर पसरले. त्यात किती तरी दाण्यांची डाळ झालेली, कितींना चिरा. त्यांनी मूठ परत कट्ट्यात सोडली. मग वळून ड्रायव्हरला आणि मजुरांना हात धुवायला पाणी दिलं, भाकऱ्या वाढल्या, कांदा फोडून दिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर मी आनंदानं ऐकल्या असत्या.

ड्रायव्हर घास हातात धरून म्हणाला की चिठ्ठीत लिहून आलं असतं तर त्यानं हळूच काढलं असतं. त्याचं खरं होतं. मी म्हणाले, काकी, तो मदतनीस...

"त्याले कसं मालूम राहीन?" काकी म्हणाल्या. "तुले मालूम होतं ना?"

मला रडू आलं. बांधावर बसून चांगली रडले. काकीनं मला रडू दिलं, मग पदरानं आपलं कपाळ पुसत म्हणाल्या की दुसरी गंजी अजून उभी आहे. मी डोळे पुसले आणि ड्रायव्हरला सांगायला लागले, दादा, आता रेस कमी ठेवा. तर काकीनं मला थांबवलं. इथं तू तोंडी सांगशील, म्हणाल्या, उद्या दुसऱ्या कोणाच्या वावरात कोण सांगायला येईल? या गटात बियाणं राखणारी मी एकटीच आहे काय?

मग आम्ही दोघी कडुनिंबाच्या सावलीत बसलो. मी फोनवर टूलची ओळ उघडली. काकी सांगत होत्या, मी लिहीत होते. सोयाबीन असेल तर नंबर लावायच्या आधी विचारायचं, बियाण्यासाठी ठेवायचं आहे की विकायचं. बियाण्याचं असेल तर चिठ्ठीत लिहायचं की रेस कमी ठेवा. उत्तर आलं नाही तर स्वतःच विकायचं समजून नंबर लावायचा नाही, थांबायचं. मला वाटलं झालं. काकी म्हणाल्या, अजून एक. आधीच्या वावरातलं सोयाबीन मशीनमध्ये राहिलेलं असतं, ते साफ करून घ्या म्हणून लिही, नाहीतर माझ्या बियाण्यात दुसऱ्याचं मिसळतं. हे मला माहीतच नव्हतं. भाऊलाच माहीत होतं.

लिहून झालं. मी काकीच्या हातात त्यांचा फोन दिला आणि दुसऱ्या गंजीचा नंबर लावायला सांगितलं, अगदी नेहमीसारखा. त्यांनी फोन तोंडाजवळ धरला आणि एवढंच म्हणाल्या की वावरात एक गंजी राहिली, तिचा नंबर लाव.

परीक्षेच्या निकालाचीही मी एवढी वाट पाहिली नव्हती. मग फोनमधून आवाज आला: "काकी, हे सोयाबीन बियाण्यासाठी ठेवायचं आहे की विकायचं आहे?"



"इतक्या वर्साचं राखून राह्यली," काकी फोनकडे पाहत हळूच म्हणाल्या, "पन मले हे कोनंच नाई इचारलं." मग घसा साफ केला आणि अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल अशा आवाजात फोनला सांगितलं, "बियाण्याचं हाय."

तिकडे भाकरी खाणाऱ्या ड्रायव्हरचा फोन वाजला. त्यानं डाव्या हातानं उचलून मोठ्यानं वाचलं: बियाणं आहे, रेस कमी ठेवा, सुरू करण्याआधी मशीन आतून साफ करा. मी उभी राहून अक्षरशः उड्या मारल्या. पहिल्या गंजीचे कट्टे समोरच पडलेले होते आणि तरीही मारल्या, काय करू, राहवलंच नाही. काकीनं एकदा माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी गुपचूप खाली बसले.

दुसरी गंजी संथ निघाली. थ्रेशरचा आवाजच वेगळा होता, बाजूला उभं राहून बोलता येत होतं. काकीनं दर कट्ट्यातून मूठ काढून पाहिली. या कट्ट्यांची तोंडं आम्ही लाल सुतळीनं शिवली आणि पहिल्या गंजीची पांढऱ्या, म्हणजे चुकूनसुद्धा एकात एक मिसळायला नको.

पण डोळ्यांना चांगला दिसणारा दाणा उगवेलच असं नाही. सोयाबीन वाळल्यावर काकीनं बारदानाचे दोन तुकडे ओले केले. एकावर पांढऱ्या सुतळीचे शंभर दाणे, दुसऱ्यावर लाल सुतळीचे शंभर, दहा-दहाच्या ओळीत. गुंडाळून सावलीत ठेवले आणि रोज पाणी शिंपडत राहिल्या. मी रोज ऑफिसला जाताना त्यांच्या दारात थांबायचे. उघडून पाहू का एकदा, म्हणायचे. काकी मला हाकलून द्यायच्या.

सहाव्या दिवशी त्यांनी स्वतः बोलावलं. सासूबाईही आल्या. शंभरातले सत्तर उगवले तर पेरायला चालतं असं आमच्याकडे धरतात. आधी पांढरं बारदान उघडलं. काकी बोट ठेवून मोजत गेल्या. अडतीस. बाकीचे दाणे फुगून मऊ पडले होते, काहींना बुरशी धरली होती. मग लाल उघडलं आणि मोजायच्या आधीच दिसलं. कोंब बारदानाच्या विणीत घुसले होते, काढताना तुटत होते. सत्त्याऐंशी.

मी काकीला मिठीच मारली. आमच्याकडे सुना चुलत सासवांना मिठ्या मारत नाहीत, पण मारली.

तरी अर्धंच वाचलं होतं. लाल सुतळीचं बियाणं नऊ घरांना पुरणार होतं, पंधरांना नाही. सहा जणींना बॅगा आणाव्याच लागणार होत्या. काकी त्या सहा घरी स्वतः सांगायला गेल्या आणि मी सोबत गेले. प्रत्येक घरी मी आधी बोलले, की यात काकीचं काही चुकलं नाही, लिहिणारी मी होते. चौथ्या घरी चहा मिळाला, पाचव्या घरी पाणीही नाही. काकी दोन्ही ठिकाणी सारख्याच ताठ बसल्या होत्या.

परत आल्यावर काकीनं फोन उचलला आणि मदतनीसाला सांगितलं की माझं लाल सुतळीचं बियाणं सत्त्याऐंशी उगवलं, पांढऱ्याचं अडतीस, हे ध्यानात ठेव आणि कुणी विचारलं तर सांग. मदतनीस म्हणाला, ही माहिती ठेवण्यासाठी माझ्याकडे टूल नाही. खोटं बोलला नाही, याचा मला अभिमान वाटला. काकीनं फोन माझ्यापुढे सरकवला.

"मंग लिही," त्या म्हणाल्या.

मी लिहायला बसले. हे टूल कुणाकडे कोणतं बियाणं आहे आणि ते किती उगवलं ते सांगतं. कुणी बियाणं मागितलं तर आधी हे पाहा. सत्तरच्या खालचं पेरायला सुचवू नको. उगवण मोजलेली नसेल तर मोजलेली नाही असंच सांग. काकी ऐकत होत्या, मान हलवत होत्या. मग म्हणाल्या, "अडतीसच काऊन उगवले, थे लिही."

माझं बोट थांबलं. कमी का उगवले ते लिहू? सगळे वाचणार नाहीत, पण मदतनीस वाचणार, आणि कुणी विचारलं की सांगणार.

"नाई लिहिलं तं पुढच्याले कसं मालूम पडीन?" काकी म्हणाल्या.

मी लिहिलं: "हे सोयाबीन पूर्ण रेसवर निघालं, म्हणून कमी उगवलं. ते बियाण्याचं आहे हे सगळ्यांना माहीत होतं, पण ओळ लिहिणारीनं ते लिहिलं नव्हतं."

पुण्याची मुलगी म्हणाली की दुसरं वाक्य काढलं तरी चालेल, मदतनीसाला त्याची गरज नाही. तिचं बरोबर असेल. त्या टूलच्या बाकीच्या ओळी मी त्यानंतर कितीदा तरी बदलल्या, कापल्या. ही ठेवली आहे. आता कुणीही बियाणं मागितलं की मदतनीस आधी माझी चूक वाचतो आणि मग काकीचं नाव सांगतो.